चौथ्या दिवसाची तुटक रेघ

"आमचा माणूस स्वतः सायकलनं चढलाय हे सगळे घाट," काउंटरवरून साहेबांचा आवाज आला. "एकेक वळण पाठ आहे त्याला."

हे ते इंग्रजीत सांगत होते, समोर बसलेल्या गोऱ्या बाईंना. पार्टिशनच्या मागे टाइप करणारे माझे हात थांबले. कारण तो 'आमचा माणूस' माझ्यापासून चार फुटांवर बसून डब्यातली भेंडीची भाजी खात होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, टेबलाखाली चपला काढून ठेवलेल्या. ऑफिसचे दोन जिने चढताना ते मध्ये एकदा कठड्याला धरून थांबत. रस्त्याच्या कामावरच्या सुरुंगांनी त्यांचा डावा कान गेला होता, त्यामुळे साहेबांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बर दुबईतल्या त्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात मी टायपिस्ट होते. ऊद मेथाच्या शाळेतून बारावी झाले होते आणि घरी बसून पत्राद्वारे बी.कॉम. करत होते. साहेब बाबांचे जुने मित्र. बाबांना शारजात पहिली नोकरी त्यांनीच लावून दिली होती, आणि अल मजाजच्या आमच्या घरी ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी निघायची. घरी आले की ते माझे काका असायचे, ऑफिसात साहेब. दोन्हीकडे मी त्यांच्यासमोर सारखीच गप्प असायचे.

त्या गोऱ्या बाई आणि त्यांचे पाच मित्र दर शुक्रवारी पहाटे अल ऐनला जाऊन जबल हफीत डोंगराचा रस्ता सायकलनं चढत. आता त्यांना खरे आल्प्स हवे होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वित्झर्लंड, सात दिवस, सात घाट. रोजच्या रस्त्याचा एक कागद आम्ही द्यायचा: किती किलोमीटर, किती चढ, पाणी कुठे, मुक्काम कुठे. अण्णा हे कागद हातानं लिहीत, मी ते इंग्रजीत टाइप करी. बाईंची चौदा वर्षांची मुलगीही बरोबर जाणार होती.

त्या दिवसापासून मी अण्णांवर नजर ठेवली. खोटं नेमकं कुठे उघडं पडतं ते मला पाहायचं होतं.

"अण्णा, त्या तिसऱ्या घाटात थंडी किती असते?"

"असेल की. सात हजार फुटांवर थंडी नसेल तर काय खजूर पिकतील तिथे?"

"आणि पाणी कुठे भरायचं?"

"चर्चपाशी निळा ठिपका आहे. लिही." मग मान वर करून म्हणाले, "काय गं कॉन्व्हेंट, आज फार चौकश्या? तुलाही जायचंय की काय? आधी मराठीतून शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखव, मग जा."

मी हसले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं: 'असेल' म्हणाले. 'होती' म्हणाले नाहीत. अशा सात-आठ नोंदी आठवड्याभरात जमल्या. त्यांच्या पोटऱ्यांवर उन्हाची रेघ नव्हती. घाटांचा एकही फोटो त्यांनी कधी दाखवला नव्हता. कॅडबरीसुद्धा आणली नव्हती, आणि आमच्यातला स्वित्झर्लंडहून आलेला माणूस चॉकलेट वाटल्याशिवाय राहत नाही.

एक ते चार ऑफिस बंद असायचं. साहेब घरी जेवायला जात, अण्णा खालच्या मलबारी हॉटेलात चहाला. अशाच एका दुपारी मी त्यांचा खण उघडला. मला त्यांचा पासपोर्ट बघायचा होता, त्यावर शिक्का आहे का ते. पासपोर्ट नव्हता. एक भिंग होतं, घड्या पडलेले नकाशे होते आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. दोऱ्यावर शाईच्या बारीक खुणा होत्या. खाली दोनशे पानी वही. तिच्यात प्रत्येक घाटाची वळणं एक, दोन, तीन अशी मोजलेली. दोरा नकाशावरच्या रस्त्यावर वळणावळणानं टाकून अंतर काढलेलं. उंचीच्या रेघा मोजून चढ काढलेला. प्रत्येक बेरीज दोनदा, आणि समासात लाल पेननं 'परत मोजणे'. एक घाट तर त्यांनी चार वेळा मोजला होता.

खण लावताना माझे कान तापले होते. या माणसानं आपण तिथे गेलोय असं मला कधीच सांगितलं नव्हतं. सांगत होते साहेब, तेही अण्णांच्या बंद कानाच्या बाजूनं. अण्णांनी पंचवीस वर्षं रास अल खैम्याकडच्या डोंगरांत रस्त्यांचे नकाशे काढले होते. कंत्राटदारानं कमी केल्यावर ते इथे आले होते, आणि जे काम येत होतं तेच मनापासून करत होते.

पण संशयाची सवय लागली की ती माणसावरून उठून दुसरीकडे जाऊन बसते. चौथ्या दिवसाचा कागद टाइप करताना मी नकाशा शेजारी घेतला. अण्णांनी लिहिलं होतं: 'अडुसष्ट किलोमीटरनंतर डांबरी संपते. आठ किलोमीटर कच्चा रस्ता. वाहतूक नाही. चढ फार, गरज पडल्यास उतरून ढकलणे.' नकाशात त्या जागी तुटक रेघ होती. बाकीचे सगळे रस्ते दोरा टाकून दिल्यासारखे वेटोळे घेत होते. ही एकच रेघ उंचीच्या रेघा कापत सरळ डोंगरातून गेली होती.

"अण्णा, हा रस्ता वळत का नाही?"

"कच्चा आहे ना. तुटक रेघ म्हणजे कच्चा रस्ता. मसाफीच्या पलीकडे मी स्वतः असल्या वाटा आखल्यात, वादीच्या कोरड्या पात्रातून सरळ वर."

"आणि वरून जाणारा हा दुसरा? वळणावळणाचा?"

"त्यावर महिन्यांचे आकडे दिलेत बघ. जूनअखेरपर्यंत बंद, बर्फ. मुलगी आहे त्यांच्याबरोबर, म्हणून तो सोडला मी." ते माझ्याकडे बघत राहिले. "का गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचा तक्ता होता, पण जर्मनमध्ये. तो ना त्यांना वाचता येत होता, ना मला. दुसऱ्या दुपारी, ऑफिस बंद असताना, मी चौथ्या मुक्कामाच्या हॉटेलला फॅक्स केला. ऑफिसच्या कागदावर, साहेबांना न विचारता. चार वाजेपर्यंत मी मशीनपासून हलले नाही. उत्तर कुणा बाईच्या गोल हस्ताक्षरात आलं. तो बोगदा आहे. आत सायकलींना मनाई आहे, ट्रक फार असतात. वरचा जुना घाट अजून बर्फाखाली आहे. सायकलवाल्यांनी अलीकडच्या गावातून बस घ्यावी, आधी कळवल्यास बस सायकली घेते.

मी तो कागद साहेबांसमोर ठेवला. आधी त्यांनी फॅक्स कुणी करायला सांगितला ते विचारलं. मग वाचला.

"अण्णाला दाखवलास?"

"नाही."

"नको दाखवूस. मनाला लावून घेईल तो." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "मी बघतो. तू टाइप केलंयस ना? खलास. तुझं काम झालं."

"पण साहेब, चौथा कागद..."

"बेटा, ते गोरे लोक आहेत. तिथे बोर्ड बघतील, आपोआप थांबतील. आत्ता कागद बदलला तर म्हणतील, मग बाकीच्या सहांचा काय भरवसा? इन्शाल्ला काही होत नाही." आणि दारातून वळून, काकांच्या आवाजात, "बाबांना सांग, शुक्रवारी येतोय मी."

तीन दिवस रोज संध्याकाळी मी बाईंच्या सात कागदांची निळी फाइल उघडून पाहिली. चौथा कागद तोच होता. साहेब बघणार होते, पण बघत नव्हते. घरी आईला थोडंसं सांगितलं, तर ती चपाती लाटत म्हणाली, "आपल्याला काय करायचंय? त्यांच्या ऑफिसातलं ते जाणोत." रात्री डोळे मिटले की मला बोर्ड दिसायचा नाही. छापील कागदावर विश्वास ठेवून अंधारात शिरणारी मुलगी दिसायची. डांबरी संपते, वाहतूक नाही. ती वाक्यं माझ्या इंग्रजीतली होती. अण्णांच्या 'वाहतूक नाही'चं भाषांतर मी किती सफाईनं केलं होतं, ते मला पाठ झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाई आल्या. बरोबर मुलगी, उंच, नाकावर उन्हानं सोललेली कातडी. साहेबांनी मला बाहेर बोलावून फाइल आणायला सांगितलं. अण्णाही उठून आले. आपली कामगिरी कुणीतरी घेऊन जातंय हे बघायला ते नेहमी यायचे, आणि पार्टिशनला टेकून उभे राहायचे.

बाईंनी फाइल चाळली. "अप्रतिम," म्हणाल्या. मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून, "त्या कच्च्या रस्त्याचीच काळजी होती. दोन शुक्रवार हिला हत्ताच्या डोंगरातल्या कच्च्या वाटांवर नेलंय. आता ती आमच्या सगळ्यांच्या पुढे असते."

"मी पहिली पोचणार," मुलगी म्हणाली.

साहेब हसले. "नक्की. आमच्या माणसाला विचारा."

बाईंनी अण्णांकडे बघितलं. अण्णांना नीट ऐकू आलं नव्हतं, पण कौतुक चाललंय एवढं कळलं, आणि त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जा आत अशा अर्थानं. बाईंनी फाइल पिशवीत सरकवली आणि चेन ओढली.

मी काउंटरच्या बाहेर कधी जात नसे. त्या दिवशी गेले. आवाज इतका बारीक निघाला, की एक शब्द मला पुन्हा म्हणावा लागला.

"मॅडम, चौथ्या... चौथ्या दिवशी त्या वाटेनं जाऊ नका. तो कच्चा रस्ता नाही, बोगदा आहे, आत ट्रक असतात. मला हे तीन दिवसांपासून माहीत आहे."