बुर्गाबाईंचं गुड फ्रायडेचं धुणं

जर्मनीतल्या आमच्या हाइसेलबाख गावची मुख्य गल्ली एकच, पण तिच्या वरच्या अंगाला कॅथलिक आणि खालच्या अंगाला प्रॉटेस्टंट. बेकऱ्या दोन, खाटीक दोन, गाण्याची मंडळं दोन. आगीचा बंब तेवढा एक, कारण पेटलेलं घर कुणाचं हे विचारत बसायला वेळ नसतो. तरीही नळी धरायला दोन्हीकडचे सारखेच गडी लागत.

वाल्बुर्गा, म्हणजे सगळ्यांच्या बुर्गाबाई, वरच्या अंगाच्या. लहानपणी त्यांची एक पक्की समजूत होती. कॅथलिकांची वस्तू हरवली की संत अंतोनी शोधून देतो; प्रॉटेस्टंटांना बिचाऱ्यांना कुणीच नाही, म्हणून त्यांना सगळं जागच्या जागी ठेवावं लागतं आणि म्हणूनच त्यांची घरं इतकी टापटीप. अठ्ठ्याहत्तरी आली तरी ही समजूत हलली नव्हती. हलणार कशी? समोरच खालच्या अंगाला रिके राहायची, आणि तिच्या खिडकीत दोऱ्याची रिळंसुद्धा कवायतीला उभी केल्यासारखी दिसायची.

बुर्गाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने त्यांच्याकडे दोन गोष्टी सोपवल्या: कपडे उकळायचा तांब्याचा हंडा आणि गुड फ्रायडे. हा प्रॉटेस्टंटांचा वर्षातला सगळ्यात गंभीर दिवस. काळे कपडे, मिटलेली तोंडं, कामाला हात लावायचा नाही. बरोब्बर त्याच सकाळी वरच्या अंगाच्या बायका घरातलं असेल नसेल ते धुवायला काढत आणि समोरून नीट दिसेल असं वाळत घालत. दिवस कॅथलिकांनाही उपासाचाच. पण साबणाचा उपास कुणी सांगितला नव्हता.

परतफेड जूनमध्ये व्हायची. ख्रिस्तशरीराच्या सणाला कॅथलिकांची मिरवणूक निघाली, रस्ताभर पाकळ्या अंथरल्या, फादर छत्राखालून चालू लागले, की खालच्या अंगाला नेमकं शेणखत उपसायचं सुचे. रिके घरंदाज. ती खताला हात लावत नसे. ती फक्त नवऱ्याच्या लांब विजारी वाळत घाली, आणि त्या वाऱ्याने अशा फुगत की आशीर्वाद देताना नजर कुठे ठेवावी हे फादरना कळत नसे.

पुढे यंत्रं आली, टीव्ही आला. दोन्ही बेकऱ्या बंद पडून एक सुपरमार्केट उघडलं आणि पाव कुणाचा हे विचारणंच संपलं. बाकीच्या बायका थकल्या. या दोघी मात्र पन्नास वर्षं नेमाने धुणं घालत राहिल्या. एकमेकींच्या घरात कधी पाऊल टाकलं नाही. बुर्गाबाईंचा नवरा आलोइस गेला तेव्हा रिके आली होती. पण कॅथलिक चर्चमध्ये शिरायचं नाही म्हणून गारठ्यात दाराबाहेर उभी राहिली, सगळा विधी आटपेपर्यंत.

"थंडी वाजली असेल," बुर्गाबाई नंतर म्हणाल्या.

"वाजली. तुमचं फार लांबतं," रिके म्हणाली. त्या वर्षीचं दोघींचं बोलणं तेवढंच.

आणि मग गेल्या जूनमध्ये मिरवणूक रिकेच्या घरापाशी आली, तर दोरी रिकामी. बुर्गाबाईंच्या तोंडातली प्रार्थना तिथेच अडकली. हिवाळ्यात रिकेचा मुलगा एबरहार्ट श्टुटगार्टहून आला आणि टेप घेऊन कपाटं मोजू लागला.

"ईस्टर झालं की आईला घेऊन जातो," तो फाटकातून म्हणाला. "घर विकायचंय. ट्रक ठरवलाय."

"तिला विचारलंस?"

"विचारलं ना. ती काही बोलतच नाही."

रिके काही बोलत नाही! जाऊ नकोस, एवढंच बुर्गाबाईंना तिला सांगायचं होतं; पण असलं वाक्य वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला आजवर गेलंच नव्हतं, त्याला वाट कुठून मिळणार?

त्यात फादर त्सीगलर येऊन बसले. नव्या दमाचे, भाबडे गृहस्थ.

"बुर्गाबाई, यंदा गुड फ्रायडेला आपण आणि प्रॉटेस्टंट मंडळी मिळून प्रार्थना म्हणत तुमच्या गल्लीतून जाणार आहोत. तेवढं धुणं नको."

"कुणाला टोचतं माझं धुणं?"

"रिकेबाईंना."

"मग बरोबर आहे."

"अहो, मनं जुळवायचे दिवस आहेत. यंदा घातलं नाहीत तर त्यांना किती बरं वाटेल!"

"फादर, तिला वाटेल, मी तिला मेलीच समजले."

गुड फ्रायडेला बुर्गाबाईंनी पहाटेच हंडा चढवला. चादरी, अभ्रे, पडदे. आणि वर आलोइसच्या लाल फ्लॅनेलच्या चड्ड्या. तो गेल्यापासून त्या कपाटात धुतलेल्याच होत्या, पुन्हा धुतल्या. गल्लीतून दोन्हीकडची मंडळी प्रार्थना म्हणत गेली. फादरनी आभाळाकडे पाहिलं. रिकेच्या खिडकीतला पडदा हलला नाही. बुर्गाबाईंनी चड्ड्या काढल्या आणि गल्लीकडच्या दोरीवर, अगदी समोर घातल्या.

समोरचं दार उघडलं. काळ्या कपड्यांत, काठी टेकत रिके; मागे छत्री घेऊन एबरहार्ट.

"वाल्बुर्गा! आज वार कोणता?"

"शुक्रवार. हवा बरी आहे."

"लाज नाही वाटत? प्रभूच्या मरणाच्या दिवशी मेलेल्या नवऱ्याच्या चड्ड्या!"

"स्वच्छ आहेत."

"स्वच्छ? त्या अभ्र्यावरचा डाग इथून दिसतोय! मशीन आल्यापासून भिजत घालायचं सोडलंस तू."

"आणि तू? गेल्या जूनमध्ये दोरी रिकामी ठेवलीस, मी काही बोलले?"

"कंबर धरली होती माझी."

"मला काय माहीत! मला वाटलं, तू आमच्यात आलीस."

"मी? तुमच्यात?" रिकेच्या गालांवर रंग चढला. "थांब, येऊ दे जून!"

"जूनमध्ये तू श्टुटगार्टला. तिथे घाल."

रिके मुलाकडे वळली. "काय रे, शेजारी कोण आहे तिथे?"

"वर तुर्की कुटुंब आहे, बाजूला ग्रीक डॉक्टर. फार भली माणसं, आई."

"मी ख्रिस्तशरीराच्या सणाला धुणं घातलं तर?"

"घाल की. तो सण कधी येतो हेही तिथे कुणाला ठाऊक नाही."

"म्हणजे मी कोण आहे, हे तिथे कुणाला कळणारच नाही?"

तेवढ्यात पावसाचे टपोरे थेंब आले. बुर्गाबाईंना घाईत चिमटे निघेनात. रिकेने मुलाच्या हातातली छत्री हिसकली आणि तरातरा गल्ली ओलांडली.

"मी आज कामाला हात लावणार नाही," तिने आधीच बजावलं. "छत्री धरणं म्हणजे काम नव्हे. आधी चादरी काढ! चड्ड्या भिजू देत!"

"आई," एबरहार्ट फाटकातून ओरडला, "ट्रकवाल्याला काय सांगू?"

"सांग, मला वेळ नाही," रिके म्हणाली, आणि बुर्गाबाईंच्या डोक्यावरची छत्री काढून तिने अभ्र्यांवर धरली.