मशीन थांबलं की

मुलीची रजा रविवारी संपत होती. सोमवारपासून तिची ड्युटी दुपारी दोन ते रात्री दहा. जावई बेंगळूरुला, शनिवारीच येणार. म्हणजे साडेपाच महिन्यांच्या नातीला आठ वाजता झोपवायचं काम माझं. "नोकरी सोडायची नाही, पोरीला मी झोपवीन," असा शब्द मीच दिला होता. दिलेला शब्द आणि सांगितलेला दर मी कधी खाली आणलेला नाही.

चामराजपुरममधल्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउजचं दुकान आहे. भाड्याच्या एका मशीनवर सुरुवात केली, आता तीन आहेत. दोन मोटारीची, एक जुनं पायाने चालवायचं. त्यावर माझा हात बसलाय, ते मी विकत नाही. कापडवाले मला बघून आधीच दर खाली आणतात. अशी मी, आणि एका टीचभर पोरीपुढे माझं काही चालेना.

तो शेवटचा आठवडा आम्ही सरावाला ठेवला होता. पोरीला आईच्या दुधाचा वास येऊ नये म्हणून मुलगी साडेसातला शेजारी जाऊन बसायची. मी सातलाच शटर ओढायची. मशिनं बंद, टीव्ही बंद, आवाज करतो म्हणून फ्रिजसुद्धा बंद. कोमट पाण्याने अंग पुसायचं, बाटलीने दूध पाजायचं, मोठा दिवा मालवायचा आणि खांद्यावर घेऊन फिरायचं. सगळं घर चिडीचूप. आणि त्या शांततेत ती जी सुरू व्हायची, ती साडेनऊपर्यंत.

"बरं, खांद्यावर दहा मिनिटं, मग खाली," मी तिला म्हणायची. "पंधरा? बरं, बारा. त्यावर एक मिनिट नाही." सवयच तशी. पण समोरचा पक्ष लालबुंद होऊन पाठ ताणायचा. खाली ठेवलं की किंकाळी, उचललं की किंकाळी.

बुधवारी माझा तोल गेला. हात भरून आले होते, कानात ती किंकाळी, आणि मी ओरडले, "गप! एकदम गप!" दुकानात ओरडते तशी. ती एक क्षण खरंच गप झाली. माझ्याकडे बघत राहिली, मग खालचा ओठ थरथरायला लागला. त्या आवाजाने मोठमोठी माणसं मागे सरकलेली मला आवडली होती. ही सरकणार कुठे? माझ्याच हातात होती.

शेजारून मुलगी धावत आली. पोरीला घेतलं, पदराखाली लावलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. राजीनाम्याची मेल लिहून तयार होती.

"आई, सुम्ने, उगाच त्रास नको करून घेऊ. उद्या पाठवते."

"रविवारपर्यंत थांब."

"थांबून काय होणारे?" मग हळूच, "काकूला बोलावू का?"

"मी जिवंत असताना नाही."

काकू म्हणजे माझी थोरली जाऊ. चार गल्ल्या पलीकडे राहते. हळदीकुंकवाला मी तिच्याकडे जाते, पाणी पीत नाही. एकत्र होतो तेव्हा घरातलं शिवणकाम माझ्यावर होतं. मी बाहेरच्या खोलीत मशीनवर, आणि माझी मुलगी, आत्ताची ही आई, आतल्या खोलीत जाऊच्या मांडीवर. दूध पाजायला मला आत बोलावणं यायचं, पाजून झालं की परत बाहेर. लेकीला जरा घ्यावं म्हणून पाय थांबवले की आतून आवाज, "का ग थांबलीस? चालव!" रोज. आणि पै-पाहुण्यांत हीच बाई सांगायची की हिच्या पोरीला मीच झोपवलं, माझ्याशिवाय ती डोळा मिटायची नाही. वेगळं निघालो त्या दिवसापासून तो शब्द माझ्या कानात आहे. चालव.

मुलीने माझं ऐकलं नाही. गुरुवारी सातला शटर ओढत होते, तर बाहेर जाऊ उभी. सत्तरी ओलांडलेली, एका हाताने गुडघा धरलेला. गल्लीत तमाशा नको म्हणून आत घेतलं.

ती बसली. बंद मशिनांकडे बघत म्हणाली, "हे का बंद?"

"पोरीला झोपवायचंय, अक्का."

"म्हणून तर विचारते. का बंद?"

आत पोर सुरू झाली होती. मुलगी तिला घेऊन दारात आली.

"चालव," जाऊ म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "माझ्या घरात येऊन पण चालवच? तेव्हा पुरलं नाही?"

"अय्यो, ओरडू नको ग. मशीन थांबलं की तुझी लेक उठायची. खटखट चालू असली तर माझ्या मांडीवर मुटकुळं करून निजायची, थांबली की डोळे टक्क उघडे. म्हणून सांगायची मी, चालव." तिने मुलीकडे बोट केलं. "आणि ही, पोटात पोर असताना कुठे बसायची?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. शेवटचे दोन महिने ती माझ्याच शेजारी बसून ब्लाउजना हुक लावत होती. दिवसभर. आणि मी रोज संध्याकाळी घर गप करून ठेवत होते.

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू त्यातही घासाघीस केली असतीस."

मुलगी फिसकन हसली. मला हसू आलं नाही.

"केलीच असती. म्हणाले असते, अक्का, पोर माझ्याकडे द्या आणि मशीन तुम्ही चालवा. झोपेला शिवण लागत नाही, आवाज लागतो. रिकामं मशीन कोणीही चालवतं."

जाऊ पदराचा काठ चाचपत राहिली. पोर रडतच होती.

"तेव्हाचं राहिलं," मी म्हणाले, "आज करायचं. बसा."

"माझे गुडघे बघ ग."

"बघितले. बसा."

पायाच्या मशीनच्या सुईतला दोरा मी काढला, स्टूल पुढे सरकवलं. ती कण्हत बसली, चाकाला हात दिला, पाय हलवला. आधी अडखळत, मग लागली लय. मी मुलीच्या हातातून पोर घेतली. ती ताठच होती. मी फिरले नाही, मशीनजवळ उभी राहिले. हळूहळू तिची पाठ सैल झाली. मूठ उघडली. माझ्या मानेवर तिचा ओला गाल टेकला, आणि त्याचं वजन वाढत गेलं. माझ्या लेकीचं असं वजन मला आठवत नाही.

मशीन थांबलं. जाऊ गुडघा चोळत होती. मानेवरचा गाल हलला, एक हुंकार आला.

"का थांबलात?" मी म्हणाले. "चालवा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पाय टाकले.

पोरीला आत उताणी निजवून मी बाहेर आले तेव्हा आठला दहा कमी होते. मुलीने फोन उघडून ती मेल पुसली, मला दाखवली नाही, पण मी पाहिलं. जाऊ भिंतीला धरून उठत होती.

"सोमवारी किती वाजता येऊ?" तिने विचारलं.

"पावणेसात. उशीर चालणार नाही."

"सात."

"पावणेसात," मी म्हणाले. मग तिच्यासाठी कॉफी ठेवायला आत गेले.