प्लॉटखालच्या पायऱ्या

शैला मेश्राम यांचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य सरकारी घरात गेलं. नवरा सुखदेव केंद्रीय खात्यात, म्हणून दिल्लीत लक्ष्मीबाई नगरचा क्वार्टर. स्वतः शैलाबाई कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना खोल्या द्यायच्या कामावर. सुखदेवांची निवृत्ती जवळ आली तसा त्यांनी गाझियाबादच्या पलीकडे, एका गावाच्या अगदी कडेला प्लॉट घेतला. बाईच्या नावावर नोंदणी स्वस्त पडते, म्हणून तो शैलाबाईंच्या नावावर झाला.

घराचा नकाशा मंजूर होण्याआधी मातीची तपासणी करून घ्यायची होती. त्यासाठी एका रविवारी दोघं मुलीला घेऊन साइटवर गेले. लुंबिनी मोबाइलमध्ये फोटो काढत होती. "आई, ही माझी रूम हां! बिल्कुल ईस्ट-फेसिंग!"

मजूर खणत होते. आधी विटांचे तुकडे आणि प्लास्टिक निघालं, मग काळा, ओलसर गाळ. एकाएकी कुदळ खणकन वाजली. माती बाजूला सारली तर घडीव दगड. त्याच्या खाली, थोडा पुढे, दुसरा. मग तिसरा. चांगल्या रुंद पायऱ्या खाली उतरत गेल्या होत्या.

म्हैस घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. खड्ड्यात वाकून बघितलं आणि तिथेच मातीच्या ढिगावर बसली. "पोखर है ये हमारी," ती म्हणाली. "ब्याह के आई थी, तो यहीं से पानी भरा मैंने।"

गावाचं तळं बुजवून त्याचे प्लॉट पाडले होते, आणि शैलाबाई त्यावर स्वयंपाकघर कुठे घ्यायचं ते ठरवत होत्या.

माती तपासायला आलेला माणूस सुखदेवांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहब, गड्ढा थोड़ा उधर कर लेते हैं। रिपोर्ट साफ आ जाएगी।"

"कर लो," सुखदेव म्हणाले. सहज. चहा घेणार का विचारल्यावर हो म्हणावं तसं.

शैलाबाई वळल्या. हा माणूस दचकलाच कसा नाही?

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

सुखदेव बुटाला लागलेला चिखल बघत राहिले. "सौदा करताना एकाने सांगितलं होतं. अगं, भराव टाकून कितीतरी वर्षं झाली. इकडची निम्मी वस्ती अशाच जागेवर आहे."

"दर वीस मार्चला कॉलनीतल्या पोरांना चवदार तळ्याची गोष्ट कोण सांगतं? माझी आई वाशीमला रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. वरून कुणी पाणी ओतेल म्हणून. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. आणि तुम्ही...?" संसारात इतकी वर्षं काढल्यावर समोरचा माणूस अनोळखी वाटावा, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्यांनी मजुरांना खड्डा बुजवू दिला नाही. सुखदेवांनी समजावलं, चिडले, जेवण टाकून उठले. शैलाबाईंनी नकाशावर सही केली नाही. मंजुरीचा अर्ज मागे घेतला आणि लुंबिनीने काढलेले पायऱ्यांचे फोटो जोडून तहसीलमध्ये तक्रार दिली. मोजणी झाली. ती सगळी जमीन तळ्याचीच निघाली. विकणाऱ्याचा फोन बंद. बाकीचे प्लॉटवाले क्वार्टरच्या दारात येऊन शैलाबाईंना वाटेल ते बोलून गेले. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटला, आणि दोघं लुंबिनीला घेऊन गाझियाबादमधल्या वैशालीत दोन भाड्याच्या खोल्यांत राहायला गेले. बोलणं भाजी काय आणायची, एवढ्यापुरतं उरलं.

मग सुनावणी लागली. फसवणूक झालेल्यांना भरपाई मिळायची शक्यता होती. अधिकाऱ्याने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, जमीन तळ्याची आहे हे घेताना माहीत होतं का? सगळे नाही म्हणत गेले. शैलाबाई म्हणाल्या, "मुझे नहीं था।" ते खरंच होतं, आणि त्यांचं काम तेवढ्यावर भागलं असतं.

तेवढ्यात मागून सुखदेव उठले. "सौदा मैंने किया था, सर. मुझे बताया गया था।"

त्यांच्या वकिलाने कपाळाला हात लावला. शैलाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. त्या दिवशी खड्ड्याशी उभं राहून बघितलं होतं, तशाच.

दोघं बाहेर आले. ऊन रणरणत होतं.

"रिक्षा करू या," सुखदेव म्हणाले, "की चालायचं थोडं?"

"चालू या," शैलाबाई म्हणाल्या.