खाऊन नव्हे, खवोन

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. जन्मभर बटाट्याची शेती केलेले. कसलीही अडचण सांगा, ते डचमध्ये 'खवोन' म्हणतात. सुरुवातीला मला ते 'खाऊन' ऐकू यायचं आणि हा माणूस सदा जेवूनच कसा येतो, असं वाटायचं. अर्थ एवढाच, की त्यात काय, साधं तर आहे. इथलं मोठं सरोवर उपसून पणजोबांनी गाव वसवलं, हेही ते त्याच सुरात सांगतात.

करोनात गावाची सुगीची मिरवणूक रद्द झाली. दरवर्षी पहिल्या गाडीवर त्यांची बायको बसायची. आता ती वृद्धाश्रमात पहिल्या मजल्यावर होती आणि भेटी बंद होत्या.

"यंदा राहू द्या, आजोबा," मी म्हटलं.

"शेजारीणबाई, तिला खाली येता येत नाही, तर मिरवणूक वर न्यायची. खवोन!"

मी आश्रमाला फोन करून अंगणापुरती परवानगी काढली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी ट्रॅक्टर डेलियाच्या फुलांनी सजवला, ट्रॉलीत बटाट्याची लाकडी खोकी रचली आणि अंगणात आजींच्या खिडकीखाली पोचताच थेट खोक्यांवर चढले. मी खालून खोकी धरली. खिडकी किलकिली करून आजी ओरडल्या, "टोपी वाकडी आहे तुझी!"

टोपी सरळ झाली. तोवर खिडक्याखिडक्यांतून म्हातारी माणसं ताटल्यांवर चमचे बडवायला लागली होती.

"आजोबा, आता उतरणार कसे?" मी विचारलं.

उत्तर आजींच्या खिडकीतून आलं, "खवोन!"