सोयाबीनच्या वडीतले काटे

दर रविवारी सकाळी मी उधव्याहून निघते. तलासरीला गाडी बदलायची, डहाणूला पुन्हा बदलायची, तेव्हा कुठे वाणगाव येतं. तिथून रिक्षाने माझं माहेर. पूर्वी माझी चाहूल लागली की आई हातातलं काम टाकून बाहेर यायची. आता ती ओटीवर बसलेली असते आणि मला विचारते, "कोणाकडे आलात?"

त्या 'आलात'चा मला फार त्रास व्हायचा. आईने मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

आईचं विसरणं हळूहळू वाढलं. आधी ती चुलीवर भात ठेवून विसरू लागली. मग शेजारणींची नावं गेली. मिरचीच्या वाफ्यात मात्र ती बरेच दिवस नीट होती, कुठल्या ओळीला पाणी झालं आणि कुठल्या ओळीचं राहिलं ते बरोबर सांगायची. मग तेही गेलं. भावाला ती ओळखते, वहिनीलाही. ती दोघं रोज समोर असतात. मी आठवड्यातून एकदा जाणारी, म्हणून मी आधी पुसली गेले, असं मी मनाला समजावते. तरी मला एवढंच वाटत राहतं, तिने एकदा माझ्याकडे बघून ओळखावं. मग पुन्हा विसरली तरी चालेल.

वहिनीने मोबाईलवर काहीतरी पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी सोयाबीन खाल्लं तर आठवण चांगली राहते, असं त्यात सांगितलं होतं. ती मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही शाळेत खिचडीत वड्या घालता ना? मग आईंनाही करून घाला. तुमच्या हाताला चव आहे."

मी शाळेत खिचडी शिजवते, तेव्हा सोयाबीनच्या वड्या माझ्या रोजच्या हाताखालच्या. पण त्यातून आई परत मिळेल असं मला कधी सुचलं नव्हतं. मी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारायला गेले. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले, तिसऱ्यांदा विचारलं. त्या म्हणाल्या, "जेवण म्हणून खुशाल द्या, अंगाला चांगलं असतं. पण औषध म्हणून देऊ नका, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. गेलेली आठवण वडीने परत येते असं मी तुम्हाला सांगू शकत नाही." मी मान हलवली. घरी येताना तलासरीच्या बाजारातून वड्यांची मोठी पिशवी घेतली.

पहिल्या रविवारी वड्या मऊ भातात घालून दिल्या. आईने भात खाल्ला आणि वड्या एकेक करून बाजूला काढल्या. शाळेतली मुलंही असंच करतात, त्यामुळे मला हसू आलं. दुसऱ्या रविवारी बटाट्यात घातल्या, तशाच परत आल्या. वहिनी म्हणाली, नुसतं पीठ करून भाकरीत मिसळू. पण मला वाटलं, आई जेवायची कशी ते आठवून करावं. आमच्याकडे मासळीचं कालवण असलं की ती दोन घास जास्त जेवायची. म्हणून तिसऱ्या रविवारी वड्या गरम पाण्यात भिजवल्या, घट्ट पिळल्या, आणि लसूण, लाल मिरची, चिंच घालून मासळीसारखंच पातळ कालवण केलं. सोबत तांदळाची भाकरी.

वासाने आई स्वतःहून आत आली आणि ताटावर बसली. मी समोर बसले. तिने एक वडी उचलली, दोन बोटांत धरून दाबली, उलटी केली, पुन्हा दाबली. मग ती ताटाच्या कडेला ठेवली. दुसरी घेतली, तिचंही तेच. मला वाटलं, हेही तिला आवडलं नाही. पण ती रस्सा भाकरीबरोबर चवीने खात होती.

"आवडत नाही का?" मी विचारलं.

"काटे बघते," ती म्हणाली. "माझ्या धाकटीला द्यायचंय. एकदा तिच्या घशात काटा अडकला होता, तेव्हापासून मी काढून देते. ती लाजरी आहे, आपणहून मागत नाही."

मी घरातली धाकटी. घशात काटा माझ्याच अडकला होता. वहिनी दारातच थांबली. मी म्हटलं, "मी घेऊ का त्यातली एक?"

आईने ताट स्वतःकडे ओढलं. रागाने नव्हे, पाहुण्याला सांगावं तसं म्हणाली, "तुम्हाला पातेल्यातलं वाढतील ना. हे तिचं आहे."

त्या दिवशी परत येताना मला माझाच हेवा वाटत होता. जिच्यासाठी आईने वड्या राखून ठेवल्या ती मी, आणि जिला दिल्या नाहीत तीही मीच. पुढचा आठवडा मी ते कोणाला सांगितलं नाही. घरी नवऱ्याने विचारलं, आई कशी आहे. बरी आहे, म्हटलं.

पुढच्या रविवारी तेच कालवण केलं. आईने पुन्हा वड्या दाबून कडेला ठेवल्या. सात झाल्या. मी आयुष्यात फार कमी वेळा कुणाकडे काही मागितलं असेल. त्या दिवशी मी रिकामा डबा घेऊन तिच्याजवळ बसले आणि खोटं बोलले.

"मी तुमच्या धाकटीच्या गावची. तिनेच पाठवलंय. द्या, मी पोचवते."

आईने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता ओळखेल. पण ती डब्याकडे वळली. एकेक वडी आत ठेवली, वरून चमचाभर रस्सा घातला, झाकण घट्ट लागलं का ते दोनदा पाहिलं.

"तिला सांगा, काटे काढलेत, बिनघोर खा. आणि म्हणावं, एकदा येऊन जा. खूप दिवस झाले."

"सांगते," मी म्हणाले.

डहाणूला तलासरीची गाडी भरायला वेळ होता. लोकांसमोर खायला मला संकोच वाटतो, पण घरी नेलं असतं तर सगळ्यांत वाटून गेलं असतं. मी खिडकीकडे तोंड करून डबा उघडला. वड्या दोन्ही बाजूंनी चपट्या झाल्या होत्या, आणि बोटं जिथे दाबली तिथे खळगे पडले होते. सातही मीच खाल्ल्या, सावकाश.