फोन मुके होण्याची वेळ

पोलीस खात्यात माणूस धक्क्यांना सरावतो असे म्हणतात. मीही सरावलो होतो. तरीही उमेळ्याचे ते प्रकरण आठवले की हातातला चहाचा कप तसाच राहतो. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, पण त्यात फरक पडलेला नाही. यातल्या कोणाचेही नाव मी लिहिणार नाही. बहुतेक जण अजून तिथेच राहतात.

तेव्हा मी वसईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. एका सकाळी हजेरी आटोपून बसलो असताना उमेळ्यातले एक निवृत्त शिक्षक भेटायला आले. गावात सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. जुने ख्रिस्ती कुटुंब, केळी-नारळाची लहानशी वाडी, तिच्यात बैठे घर आणि चारही बाजूंनी उठलेल्या सात-सात मजली इमारती. पांढऱ्या शर्टाच्या खिशावर त्यांनी काळी फीत लावली होती.

“साहेब, फोन लागला नाही म्हणून माझी बायको गेली,” ते म्हणाले.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. त्यांची मुलगी परदेशात नर्स आहे. दुपारी आई तिच्याशी व्हिडिओवर बोलत होती. बोलता बोलता आईच्या छातीत कळ आली आणि नेमका तेव्हाच कॉल तुटला. सरांनी ११२ लावला, डॉक्टरांना लावला, शेजाऱ्यांना लावला. टॉवर फुल दिसत होता, पण एकही फोन जाईना. शेवटी पंचाहत्तरीला आलेला तो माणूस अनवाणी रस्त्यापर्यंत धावला आणि रिक्षा घेऊन आला. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवे होते.

“रोज दुपारी असं होतं, साहेब. कोणीतरी मुद्दाम फोन बंद पाडतंय. त्याला शोधा. मला दुसरं काही नको.”

मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली. खरे सांगायचे तर मनात म्हटले, दुःखात माणसाला कारण हवे असते. पण आमच्या बीटच्या हवालदारानेही तेच सांगितले. दुपारी पावणेचारच्या सुमारास उमेळ्यात शिरले की फोन मुका होतो आणि पाचच्या पुढे आपोआप सुरू होतो. वाडीवाल्या एका आजीने तर त्याला कारणही सांगितले होते, “कोनी तरी करनी केलीय, बाबा. दुपारचं वाऱ्यावर काय तरी फिरतं.”

फोन कंपनीने लेखी कळवले की टॉवरमध्ये बिघाड नाही. खालून कुठून तरी दुसऱ्याच लहरी येतात आणि त्यांच्या गोंगाटात लोकांचे फोन टॉवरला ऐकूच येत नाहीत. म्हणजे सरांचे म्हणणे खोटे नव्हते. मी बिनतारी लहरींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला पत्र पाठवले. तिथून एक मध्यमवयीन अभियंता तीन पेट्या घेऊन आला.

त्या पेट्या म्हणजे नेटवर्कने जोडलेले सिग्नल अ‍ॅनालायझर. हवेत कोणत्या लहरी किती जोरात आहेत हे प्रत्येक पेटी टिपते आणि ती माहिती एकाच पडद्यावर पाठवते. एका पेटीवरून फक्त आवाज कळतो. तिघींचे पडताळून पाहिले की आवाज कोणत्या अंगाला आहे ते कळते. एक पेटी आम्ही पोलीस चौकीच्या छपरावर बसवली आणि वायरच्या इंटरनेटने ठाण्यातल्या संगणकाला जोडली. दुसरी एका इमारतीच्या गच्चीवर, तिसरी त्या आजींच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीवर. या दोघींना मोबाईलचे सिम घालून दिले, कारण तिथपर्यंत वायर नव्हती.

अभियंत्याने जाताना बजावले, “बसवणं एका दिवसाचं काम आहे. सांभाळणं रोजचं.”

सांभाळण्याचे काम मी आमच्या एका महिला हवालदाराकडे दिले. कोणत्याही कामाला ‘हे माझं नाही’ न म्हणणारी बाई. दमट हवेने जोड गंजू नयेत म्हणून ती रोज गच्चीवर चढून ते पुसायची, टेप बांधायची, तिन्ही पेट्यांची घड्याळे जुळतात का पाहायची. तरीही दुपार झाली की चौकीची पेटी पडद्यावरच्या आलेखात मोठा उंचवटा दाखवायची आणि बाकीच्या दोन नेमक्या तेव्हाच बंद पडायच्या. आठ दिवस असेच गेले. ती वैतागली होती. केबल बदलली, वीज तपासली, पंपाच्या खोलीतले उंदीर पकडले. उपयोग शून्य.

त्यातच नाव न सांगता कोणीतरी ठाण्याला फोन केला. अमुक इमारतीच्या गच्चीवर भलामोठा अँटेना आहे, तिथला माणूस परदेशी लोकांशी बोलतो, त्याला बघा. मी जीप काढली. तो बँकेत नोकरी करणारा चाळिशीतला गृहस्थ होता, मूळचा कोकणातला. हौस म्हणून रेडिओ संच चालवायचा. परवाना भिंतीवर टांगलेला होता. तरी मी संच सील केला आणि त्याला ठाण्यावर आणले. आम्ही खाली उतरलो तेव्हा इमारतीतली माणसे जमली होती. त्यांच्या नजरांत निकाल लागलेला होता.

चौकशी मी स्वतः केली. तेच प्रश्न तीन वेळा विचारले. खोटे बोलणारा तिसऱ्या वेळी चिडतो किंवा गोष्ट फार गुळगुळीत करतो. हा दोन्ही करत नव्हता. त्याची आई बाहेर बाकावर बसून होती.

“तुमच्या छंदामुळे एक बाई गेली असेल तर?” मी विचारले.

तो म्हणाला, “साहेब, माझ्या लहरींचा पट्टा वेगळा आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमचं यंत्र बघा.”

पावणेचार झाले होते. आम्ही त्याला पडद्यासमोर नेले. त्याचा संच माझ्या कपाटात होता, तो माझ्यासमोर होता आणि पडद्यावर उंचवटा उभा राहत होता. त्याच क्षणी दोन्ही पेट्या बंद पडल्या. संशयित निर्दोष आहे हे इतके स्वच्छ मी नोकरीत कधी पाहिले नव्हते.

तो मात्र त्या बंद पेट्यांकडे टक लावून पाहत होता. “या कशावर चालतात?”

“मोबाईलच्या सिमवर,” हवालदार बाई म्हणाल्या.

“मग गोंगाट सुरू झाला की यांचाही फोन मुका होतो. यंत्र बरोबर टिपतंय, पण तुमच्यापर्यंत पोचवणार कसं? त्यांना वायरचं इंटरनेट द्या.”

आठ दिवस बिचारी बाई गच्चीवर चढत होती, आणि उत्तर आम्ही संशयित म्हणून आणलेल्या माणसाने दोन वाक्यांत दिले. मी त्याचा संच परत केला आणि बाहेर जाऊन त्याच्या आईची माफी मागितली. ती एवढेच म्हणाली, “हे इमारतीत येऊन सांगा.” दुसऱ्या दिवशी मी गणवेशात जाऊन सांगितले.

दोन दिवसांत इमारतीतून आणि वाडीतल्या घरातून इंटरनेटची वायर ओढून पेट्यांना जोडली. त्या दुपारी पहिल्यांदा तिन्ही पेट्या शेवटपर्यंत चालू राहिल्या. नकाशावर एक लहानसा डाग उमटला. गावाचा जुना भाग.

दुसऱ्या दिवशी अभियंता हातात धरायचा अँटेना घेऊन आला. तो, मी आणि हवालदार बाई साध्या कपड्यांत गल्लीतून चालू लागलो. चर्चकडे तोंड केले की आकडा खाली, इमारतींकडे केले की खाली. एका फाटकापाशी आकडा वर चढला तो उतरेचना.

“इथेच,” तो म्हणाला.

“इथे नाही. हे तक्रारदाराचं घर आहे.”

“साहेब, लहरींना तक्रारदार कळत नाही.”

मी नोकरीत प्रेते पाहिली आहेत, बापाने मुलाला मारलेले पाहिले आहे. पण त्या फाटकाची कडी काढण्याइतके जड काम मी कधी केले नव्हते.

सरांनी दार उघडले. “सापडला का?” त्यांनी उत्सुकतेने विचारले. आत टेबलावर मोबाईल उभा करून ठेवला होता. मुलीच्या फोनची वेळ होती. आई गेल्यापासून ती रोज त्याच वेळी वडिलांची चौकशी करायची. खिडकीच्या वर एक लहान पांढरा डबा होता, त्यावर लाल दिवा लुकलुकत होता. डब्यातून निघालेली वायर छपरावरच्या अँटेनाला गेली होती.

“हे काय आहे, सर?”

“बूस्टर. इमारती झाल्यापासून घरात नेटवर्क येईना. आचोळे गावातल्या दुकानातून आणला, त्यांच्याच माणसाने बसवून दिला. फक्त लेकीच्या फोनच्या वेळी लावतो. माझ्या बायकोला तिचा चेहरा नीट दिसायचा. थोडा वेळ छान चालतो, मग तो हलकट कुठूनतरी त्याचं यंत्र सुरू करतो.”

अभियंत्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. त्याने खटका बंद केला आणि हवालदार बाईंना ठाण्यात फोन लावायला सांगितले. लगेच लागला. तिकडून कळले, पडद्यावरचा उंचवटा गेला होता.

मला काही बोलावे लागले नाही. सरांनी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवले होते. छपरावरचा अँटेना आणि घरातला डबा फार जवळजवळ बसवला होता, त्यामुळे यंत्र स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून किंचाळत होते, हे अभियंता सांगत असताना ते खटक्यापाशी जाऊन उभे राहिले.

“त्या दिवशी चालू होतं,” ते म्हणाले. “मीच लावलं होतं. मी इथेच उभा राहून नंबर फिरवत होतो.” त्यांनी हात वर केला. खटका त्यांच्या खांद्याच्या उंचीवर होता. “बंद केला असता तर लागला असता?”

त्या दिवसाची नोंद आमच्याकडे नव्हती, पेट्या नंतर आल्या. मी तेच सांगितले. ते खरे होते आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

पंचनामा झाला. डबा जप्त झाला. तसले यंत्र परवान्याशिवाय विकणे आणि वापरणे दोन्ही गुन्हा आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळले. दुकानदाराला हे माहीत होते. सुरुवातीला त्याने कानावर हात ठेवले, पण बसवणाऱ्या कारागिराने घरांची यादीच दिली. आजूबाजूच्या गावांतूनही असे डबे निघाले, आम्ही ते सगळे उतरवले. अहवालात सरांचे नाव जसे होते तसेच लिहिले. लपवावे असे वाटले, हे कबूल करतो. सर स्वतः साक्षीला उभे राहिले आणि दुकानदाराच्या वकिलाने विचारण्याआधीच म्हणाले, “खटका माझ्या हाताने लावला.”

त्याआधी एकदा ते ठाण्यात आले होते. “मुलीला सांगू का?” त्यांनी विचारले होते.

मी नको म्हणालो. कायद्याला तिची गरज नव्हती, आणि एवढ्या लांबून ती हे ओझे घेऊन काय करणार होती?

त्या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली. कोणालाही चौकशीला बोलावण्याआधी तक्रारदाराच्या घरी जाऊन बसायचे. संशय म्हणून नव्हे. ज्याचे सर्वांत जास्त गेले आहे, त्याच्या दारात आपण तपास करायला लाजतो, म्हणून. ती लाज मी पाळली नसती, तर एका निरपराध माणसाची आई आमच्या बाकावर दिवसभर बसली नसती. गुन्हा म्हटला की आपण दुष्ट माणूस शोधतो. इथे थोडा लोभ होता आणि बाकी सगळी माया होती. माया एवढे नुकसान करू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

सरांनी माझे ऐकले नाही. मुलगी सुट्टीवर आली तेव्हा आईच्या कबरीवर फुले ठेवून झाल्यावर त्यांनी तिला सगळे सांगितले. पुढे भेटले तेव्हा मी विचारले, “काय म्हणाली?”



“म्हणाली, डॅडी, बूस्टर घ्या म्हणून हट्ट कोणी धरला होता? मीच ना?”