महिन्याचे उरलेले तास

मी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते. मराठी, गुजराती, हिंदी, आणि बडोद्यात बोलतात तशी तिन्हींची खिचडी. पूर्वी फाइल येईल तसं काम असायचं. कधी मान वर करायला फुरसत नाही, कधी महिनाभर शुकशुकाट. म्हणून काम आणून देणाऱ्या एजन्सीवाल्या भाईंनी रिटेनरचा करार पुढे केला तेव्हा मला हायसं वाटलं. दर महिन्याचं तीस तासांचं रेकॉर्डिंग एका पार्टीसाठी बांधलेलं, मोबदला ठरलेला. पार्टी म्हणजे कुठलीशी कंपनी. तिचं नाव मला कळणार नव्हतं आणि ऐकलेलं मी कुठे बोलायचं नव्हतं.

एक अट मात्र माझी होती. न वापरलेले तास महिनाअखेरीला संपतील, पुढच्या महिन्यात जमा होणार नाहीत. नाहीतर तीन महिन्यांचं काम एकदम अंगावर येतं, हे मी आधी भोगलं होतं. ती अट मान्य झाल्यावर तरसालीतल्या आमच्या सोसायटीत चार जणींना मी ऐकवलं, करार कसा करावा ते. शहाणपण शिकवायची मला फार हौस.

चार महिने मीटिंगा आल्या, मुलाखती आल्या. पाचव्या महिन्यात बारा तासांवर येऊन सगळं थांबलं. वीस तारखेनंतर भाईंचा फोन आला.

"बेन, तीस तासांतले अठरा कलाक पडून राहिलेत. पार्टी बोलते, वाया कशाला जाऊ द्यायचे? काहीतरी मोकलतो."

"पाठवा ना," मी म्हटलं. थाळीचे पैसे भरले की पोट भरलं तरी माणूस उठत नाही, तसं या पार्टीचं झालेलं दिसतंय, असं वाटून मला हसू आलं.

फाइल लावली तर आवाज वरून, छतातून आल्यासारखा येत होता. पंख्याची घरघर, डबे उघडण्याचा आवाज, नळ. चार पुरुष जेवता जेवता बोलत होते. एकाच्या मुलीचं ॲडमिशन, दुसऱ्याची पाठ. मग सुपरवायझरला शिव्या. प्रेस मशीनला हात वाचवणारा गार्ड नाही, त्यात एकाचं बोट गेलं आणि ते प्रकरण दाबलं, हेही आलं. आपलं बोलणं कुणी रेकॉर्ड करतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. दहाव्या मिनिटाला मला ते कळलं. तरी मी टाइप केलं. वक्ता एक, वक्ता दोन, वेळ, वाक्य. त्यांनी एकमेकांना नावाने मारलेल्या हाकाही जशाच्या तशा लिहिल्या, कारण एक शब्द सोडला की मला चुकल्यासारखं होतं. अशा दोन फाइली पाठवल्या. पार्टी खूश आहे, अजून येतंय, असं भाईंनी कळवलं.

तिसऱ्या फाइलीत माझा भाऊ होता.

माझा धाकटा भाऊ गोरव्याला एका कारखान्यात फिटर आहे. ही पार्टी म्हणजे तोच कारखाना, हे मला त्या क्षणी समजलं. तो गुजरातीत बोलत होता, घरी कधी बोलत नाही इतक्या ठामपणे. गार्ड लागेपर्यंत त्या प्रेसवर कुणी उभं राहायचं नाही. सोमवारी सगळे मिळून साहेबाकडे जाऊ, आधी मी बोलतो.

त्याच्या एकट्याच्या पगारावर पाच माणसं जेवतात. मी हेडफोन काढला आणि भाईंना कळवलं, फाइल खराब आहे, काही ऐकू येत नाही.

"वांधो नाही बेन," ते म्हणाले. "आपल्याकडे दुसऱ्या बेन आहेत, त्यांना देतो."

मी स्कूटर काढली आणि तशीच भावाकडे गेले. तो नुकताच घरी आला होता. बुडाला तो करार म्हणत मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

"ताई, आज सकाळी आमच्यातल्या दोघांना गेटवरच अडवलं. कारण सांगितलं नाही. त्यांचं बोलणं कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं.

तो चपला घालून म्हणाला, "चल. ते दोघं इथून जवळच राहतात. हे तुझ्या तोंडून सांग त्यांना."

त्यांच्या बायका दारात येतील, मुली असतील, हे डोळ्यांसमोर आलं. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी मी म्हटलं, "बाहेरच्यांना सांगायला मला करारात मनाई आहे."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो एकटाच गेला.

सोमवारी त्यालाही गेटवर अडवलं. त्याने मला फोन केला नाही. मला ते भावजयीकडून कळलं.